तुम्ही विचारलेत म्हणून : लिनक्ससाठी क्लास कुठला लावला?

भोसरीतील एका कारखान्याचे हिशेब पाहणारा माणूस रात्री घरी लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर प्रोग्रॅम लिहितो हे कळले, की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "क्लास कुठला लावलात?" पुण्यात हा प्रश्न स्वाभाविकच आहे, कारण येथे पोहण्यापासून संस्कृत संभाषणापर्यंत सगळ्याचे क्लास असतात. मी मात्र लावला नाही. यात बाणेदारपणा काही नाही. मला जे अडले होते ते कोणत्याही क्लासच्या माहितीपत्रकात नव्हते, इतकेच.

सोसायटीच्या वाचनालयातील दिवाळी अंकांची लेखवार सूची एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यासाठी जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन हे लिनक्सचे एक डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच, बसवले. ते पेनड्राइव्हवरून एका संध्याकाळीत बसते, त्यामुळे त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. (कोणते डिस्ट्रो उत्तम, या वादात मात्र वर्षे जाऊ शकतात, तो खुशाल पुढे ढकलावा.) पुढे 'ग्रेप' या आज्ञेने सूचीत 'वऱ्हाड' शोधले, तेव्हा काही नोंदी सापडल्या आणि काही निसटल्या, आणि निसटलेल्या नोंदींतही तो शब्द पडद्यावर हुबेहूब तसाच दिसत होता.

ग्रेप अक्षराच्या दिसण्यावर जात नाही, त्यामागचे संकेतांक, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी ठरलेले क्रमांक, जुळवतो. 'हेक्सडंप' या आज्ञेने फाइलमधील बाइट, म्हणजे प्रत्यक्ष साठवलेले अंक, पाहिल्यावर उलगडा झाला. सूची भरणारे आम्ही दोघे, दोघांचे कळफलक वेगळे, आणि 'वऱ्हाड'मधला आडवा अर्धा र दोघांनी दोन प्रकारे साठवलेला. युनिकोड हे जगातील लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक ठरवून देणारे प्रमाण. त्याच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार हा र मिळवण्यासाठी साधा र (संकेतांक ०९३०), हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा 'झीरो विड्थ जॉइनर' अशी जुळणी करावी लागे. नंतर ऱ (०९३१) आणि हलन्त ही पद्धत प्रमाण ठरली, पण जुन्या मजकुरासाठी पहिलीही चालू राहिली. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करण्याच्या प्रक्रियेनेही, हे दोन प्रकार एक होत नाहीत. मराठीत हा र सुऱ्या, तऱ्हा, दुसऱ्या अशा किती शब्दांत येतो हे पाहिले, म्हणजे ही अडचण एका सूचीपुरती नाही हे लक्षात येईल.

फाइल 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीने दुरुस्त झाली. ती ओळ लिहिण्यासाठी लागणारी सगळी माहिती यंत्रातच असलेल्या मॅन पानांत, म्हणजे आज्ञांच्या माहितीपुस्तिकेत, होती. ती पाने रूक्ष असतात आणि आरंभापासून वाचू लागणाऱ्याला झोप आणतात, पण नेमके काहीतरी अडलेल्या माणसाला त्यांचा रूक्षपणा सोयीचाच वाटतो.

खरे शिक्षण त्यानंतरचे. सूची चाळण्यासाठी मी एक छोटा मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो असा, प्रोग्रॅम वापरत होतो आणि त्याच्या शोधातही हाच दोष होता. डेबियनमध्ये 'ॲप्ट सोर्स' ही आज्ञा दिली की असा प्रोग्रॅम ज्या कोडमधून तयार झाला तो कोड घरी उतरतो. मी तो वाचला, शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करणाऱ्या काही ओळी घातल्या आणि गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरून दुरुस्ती पाठवली. (लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या कामासाठी लिहिलेले गिट आज माझ्यासारख्या हौशी माणसाच्याही हाती आहे.) प्रोग्रॅमची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी माझी पदवी विचारली नाही आणि अनुभवही विचारला नाही; दुरुस्तीपूर्वी अपयशी ठरेल आणि नंतर यशस्वी होईल अशी चाचणी तेवढी मागितली. ती लिहिताना मला माझाच कोड प्रथम नीट कळला. क्लासमधील परीक्षेपेक्षा ही कसोटी मला अधिक सरळ वाटते.

याचे पैसे मिळाले का, हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. मिळाले नाहीत, आणि भोसरीची नोकरी चालू आहे. ज्यांना याच मार्गाने नोकरी हवी आहे त्यांनी क्लास जरूर लावावा. वेळापत्रक आणि प्रमाणपत्र यांचा त्यांना उपयोग होतो. फक्त पहिल्या दिवशी स्वतःचे एखादे अडलेले काम बरोबर न्यावे.

सध्या मी ल आणि श यांच्या मागे आहे. त्यांची मराठी आणि हिंदी वळणे वेगळी दिसत असली तरी संकेतांक एकच असतो, आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगितले तरच, तशी सोय असलेला फाँट मराठी वळण देतो. आमच्या सूचीच्या छापील प्रतीत अजून हिंदी वळणाचा ल येतो आहे.