बिरसीला उतरलेले गुरुजी

2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट, माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची. कचारगडला, डोंगरातल्या गुहेशी, तेव्हा गोंड समाजाची यात्रा भरते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाबाहेर गाडी लावून मी उभा होतो. हैदराबादचं विमान उतरलं, पंख्याचं, सत्तर-ऐंशी माणसांचं. इथं विमान टेकलं की माणूस थोड्याच वेळात बॅग घेऊन बाहेर येतो. सगळ्यांच्या मागून गुरुजी आले. धोतर, गळ्यात पिवळा दुपट्टा, हातात काठी. निवृत्त शिक्षक, मूळचे आदिलाबादकडचे, आता मुलाकडे हैदराबादला. मुलानं फोनवरच गाडी सांगून ठेवली होती : बाबांना कचारगडला न्या, रात्री गोंदियात लॉजवर सोडा.

आधी सांगितलं ते बरं केलं. मोठ्या शहरासारखी टॅक्सीची रांग इथं नसते. गोंदिया स्टेशन बारा-चौदा किलोमीटर दूर, आणि कचारगडला जायचं तर कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग पायथ्याचं धनेगाव. साठेक किलोमीटर. सालेकसा सुटलं की मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते.

"इथं विमान कधीपासून येतं?" गुरुजींनी विचारलं. मी सांगितलं, धावपट्टी इंग्रजांची, दुसऱ्या महायुद्धातली. मग वैमानिक घडवणारी शाळा आली, तिची छोटी विमानं आमच्या डोक्यावरून फिरत असतात. प्रवासी विमान 2022 मध्ये आलं, ते टिकलं नाही. 1 डिसेंबर 2023 पासून हे सुरू झालं.

जवळच परसवाड्याचा तलाव. धान कापून झालेल्या बांधीत सारसाची जोडी उभी होती. गुरुजींनी गाडी थांबवायला लावली. माणसाएवढा उंच पक्षी, राखी अंग, लाल मान. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आमच्याच भागात यावं लागतं. धानाच्या बांधीतच तो घरटं करतो, म्हणून तो राहील की जाईल हे शेतकऱ्याच्या हातात आहे. हे मी प्रत्येक प्रवाशाला सांगतो, गुरुजींनाही सांगितलं. ते बराच वेळ काचेतून पाहत राहिले.

आमगावच्या पुढं त्यांनी मला कचारगडची कथा सांगितली. कली कंकाली मातेची तेहतीस पोरं शंभूनं गुहेत कोंडली, तोंडावर भलामोठा दगड लावला. देवी जंगो रायताड आणि गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो सोडवायला आले, पण दगड हलेना. मग हिरासुका पाटालीर किंगरी, म्हणजे तंतुवाद्य, वाजवू लागला. ते सूर ऐकून पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून रेटा दिला, दगड सुटला आणि वाजवणाराच त्याखाली गेला. "आमचे सगळे गोत्र त्या पोरांपासून," गुरुजी म्हणाले. पुढं दहा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

मी किती वर्षं यात्रेकरूंना धनेगावला सोडत आलो, पण वर गुहेपर्यंत कधी गेलो नव्हतो. खाली गाडीत झोप काढायची, हीच सवय.

धनेगावला पाय ठेवायला जागा नव्हती. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, कुठून कुठून माणसं आलेली, जिकडे तिकडे "जय सेवा", गोंडांचा रामराम. गुरुजी शंभरेक पावलं चालले आणि दगडावर बसले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "वर जमत नाही रे," म्हणाले. डोळे भरून आले होते. मुलाला हे सांगितलंच नव्हतं, नाहीतर त्यानं तिकीट काढलं नसतं.

मला राहवलं नाही. "गुरुजी, मी जाऊन येऊ का तुमच्या वतीनं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या गळ्यात घातला, पिशवीतले हळदीचे तांदूळ मुठीत दिले. ओळखीच्या निघालेल्या एका बाईंना त्यांच्याजवळ बसवून मी निघालो. झाडीतून चढण, पाय घसरवणारे दगड, पुढं आजीबाई नातवाला पाठीवर घेऊन चढत होत्या. आत शिरलो तर केवढी गुहा! वर छताला भोक, त्यातून उजेड पडलेला. तांदूळ वाहिले. काय म्हणावं कळेना. "आदिलाबादच्या गुरुजींनी पाठवलेत," एवढंच म्हणालो.

खाली आलो तेव्हा ऊन कललं होतं. गुरुजी तिथंच, त्याच दगडावर. दुपट्टा परत देऊ लागलो तर त्यांनी माझाच हात धरला.

"चाळीस वर्षं झाली मला वर जाऊन. अजून वरून उजेड पडतो का रे?"

"पडतो गुरुजी. तिरपा. भिंतीवर."

"हो," ते म्हणाले, "या वेळेला भिंतीवरच येतो."