रामकुंडापासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत, आजीच्या पाण्यामागे

आजीच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हाच ठरलं होतं, की वर्षश्राद्ध झालं की याच पाण्यामागे खाली जायचं. रामकुंडावरून निघालेली गोदावरी तपोवन, पुढे चांदोरी-सायखेडा करत निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला पोचते आणि तिथे तिला कादवा मिळते. त्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. दोन्ही नद्यांचा गाळ त्यामागे साचत गेला, पाणी उथळ होऊन पसरलं, बेटं तयार झाली, कडेने पाणकणीस माजलं. बदकांना आणि शराटींना नेमकं हेच लागतं. 1986 साली तिथे पक्षी अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. आजी मात्र शेवटपर्यंत ‘बंधारा’च म्हणायची.

जानेवारीत इथे सूर्य सातच्या पुढे उगवतो. त्यामुळे नाशिकहून साडेपाचला निघालेलं बरं. अंतर 40-45 किलोमीटरच आहे, पण चांदोरीनंतरच्या गावरस्त्यांवर धुकं असतं आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. थंडी निफाडची. पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून बागांमधून पहाटे शेकोट्या पेटलेल्या दिसतात. धूर वर न जाता वेलींच्या मांडवाखालीच तरंगत राहतो. कानटोपी, हातमोजे घ्या. बोटं गारठली की दुर्बीण स्थिर राहत नाही.

दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. 10 पटीच्या दुर्बिणीत हात थरथरलेला जास्त जाणवतो आणि नजरेचा पट्टाही सहसा लहान मिळतो. कपडे मातकट रंगाचे घाला, पांढरे किंवा लाल नकोत. चापडगावच्या बाजूने आत शिरल्यावर गाडीचं दार आपटू नका. पहिल्या आवाजाला काठावरचे शेकाट्या आणि तुतवार उठतात, त्यांच्यामागे बदकं उठतात, आणि आपल्याला दिसतो तो फक्त उडणारा थवा. तसं झालंच तर मागे फिरू नये. सूर्य पाठीशी घेऊन वीसेक मिनिटं बसून राहावं. आजी ज्वारीची राखण करत मोठी झालेली. बसून राहणं हीच तिची सगळी विद्या होती. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी भिंगातून वितळल्यासारखा दिसतो. तेव्हा ओळख पटवायचा हट्ट सोडावा.

नावं तिचीच पक्की बसली आहेत. वारकरी म्हणजे काळाभोर पक्षी, चोच पांढरी आणि कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा टिळा. अंगाने जड, त्यामुळे उडण्याआधी पाण्यावरून पाय आपटत बराच धावतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब पायात धरून सोलते. चक्रवाक जोडीने, भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई. आणि तिचं लाडकं हळदी-कुंकू. काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका. पाहुण्या बदकांच्या गर्दीत नवखे लोक त्यालाही परदेशी समजतात. ते इथलंच, पावसाळ्यात इथेच अंडी घालणारं.

मोजायची पद्धतही तिचीच. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा थवा केवढा दिसतो ते डोळ्यात बसवायचं, मग त्या मापाने पूर्ण थवा डावीकडून उजवीकडे एकदाच. मध्येच थवा उडून पलीकडे उतरला तर मोजणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांचे आकडे फुगतात ते इथेच, एकच थवा दोनदा मोजून.

हे आकडे ती दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. ‘दीड लिटर. हळदी-कुंकू 12. आवर्तन.’ हा शेवटचा शब्द का, ते आम्हाला फार उशिरा कळलं. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचं पाणी, सुटलं की बंधाऱ्यामागची पातळी चढते, बेटं बुडतात आणि चिखलात चोच घालून खाणारे सगळे हलतात. शराटी शेतांच्या कडेला जातात, चिखल्ये दिसतच नाहीत. ‘काही पक्षी नव्हते हो’ म्हणत परतणारे पुष्कळदा अशाच दिवशी गेलेले असतात. निघण्याआधी ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करून पाणी सुटलंय का एवढं विचारा.

बरोबर भाकरी आणि ठेचा, फडक्यात बांधून. पाखरांना शेव-पाव टाकू नका. उरलेलं पाण्यात कुजतं आणि कुत्री काठावर येतात. जमिनीवर घरटं करणाऱ्यांची अंडी मग राहत नाहीत. निर्माल्यही आम्ही नेलं नाही. गेल्या वर्षी रामकुंडावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत तासभर उभे होतो. इथे कोणी काही मागितलं नाही.

त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं, मधलं बेट उघडं. घरी आल्यावर दिनदर्शिकेवर लिहिलं: दूध एक लिटर. हळदी-कुंकू 17. वारकरी मोजता आले नाहीत, दोनदा उडाले.