सदिश गुणाकाराच्या फुल्या : उणे चिन्हाने सरकलेला रकाना

निश्चयकातून सदिश गुणाकार काढताना मधल्या घटकाआधीचं उणे मुलं हमखास विसरतात. म्हणून वर्गात वाटायच्या पानासाठी मी रकान्यांची मांडणी घेतली आहे. पान लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत बनवतो आहे. दोन्ही सदिशांचे घटक एकाखाली एक दोनदा लिहायचे, पहिला आणि शेवटचा रकाना खोडायचा. (२, ३, ४) आणि (५, ६, ७) घेतले तर वर उरतात ३ ४ २ ३, खाली ६ ७ ५ ६. मग शेजारच्या रकान्यांत तिरके गुणाकार: ३×७ − ४×६ = −३, ४×५ − २×७ = ६, २×६ − ३×५ = −३. वेगळं चिन्ह लक्षात ठेवायचं कामच नाही.

प्रत्येक तिरक्या जोडीच्या दोन बाणांची एक फुली होते. सगळा भार अशा तीन फुल्यांवर, तेव्हा बाण नेमका अंकापासून अंकापर्यंत जायला हवा. टिक्झ या लाटेकमधल्या आकृत्या काढायच्या पॅकेजच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्यांदा देवनागरी अंक घातले तर पानावर बाण उमटले, अंक गायब! गणिताच्या फाँटमध्ये ते अंक नव्हते, आणि झीलाटेक (लाटेकचा युनिकोड फाँट वापरणारा प्रकार) त्यासाठी थांबत नाही. लॉगमध्ये फक्त ‘मिसिंग कॅरॅक्टर’ अशी ओळ सापडली. प्रत्येक अंक टेक्स्ट कमांडमध्ये घातला, आयआयटी मुंबईचा शोभिका फाँट लावला, आणि पान भरलं.

खरी झटापट पुढे झाली. दुसऱ्या उदाहरणात (१, −२, ३) घेतला आणि −२ चे रकाने वाकडे दिसायला लागले. कारण टिक्झचा नोड, म्हणजे अंक बसतो ती चौकट, अख्ख्या मजकुराचा मध्य धरतो. ‘−२’चा मध्य चिन्ह आणि अंक यांच्या अधेमधे पडतो, त्यामुळे २ उजवीकडे ढकलला जातो आणि खालच्या ६ च्या रेषेत राहत नाही. मॅथटूल्स पॅकेजमधल्या मॅथएललॅप या कमांडने उण्याची रुंदी शून्य केली. चिन्ह डावीकडे लटकलं, अंक जागेवर आला. पण आता डावीकडून येणारा बाण थेट चिन्हावर आपटायला लागला! नोड गोल केले, किमान माप ८ मिमी दिलं, रकान्यांतलं अंतर वाढवलं. बाण वर्तुळाच्या कडेशी थांबतात, उणे मोकळं राहतं. हे जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

फुल्यांखालच्या तीन ओळी लाटेकच्या अलाइन या मांडणीत आहेत, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबर. पानावरच्या जागांना खूण करणाऱ्या टिक्झमार्कने फुलीपासून ओळीपर्यंत रेघ ओढली आहे. फाइल दोनदा चालवा, पहिल्या वेळी रेघा भलतीकडेच जातात.

रंग मात्र काढून टाकले. वर्गात झेरॉक्स काळीपांढरी वाटतो, तेव्हा अधिकचा बाण सलग आणि उण्याचा तुटक ठेवला आहे. तुटक रेघेतली फट सध्या फार बारीक आहे, झेरॉक्समध्ये बुजते. या आठवड्यात तेच सुधारायचं आहे.