सांता क्लारा ते लास व्हेगास, एका विंगच्या मागे

कॉलेज बास्केटबॉलमधला एक होतकरू खेळाडू प्रत्यक्ष बघायला कॅलिफोर्नियात आणि पुढे लास व्हेगासला हिंडलो, त्याची ही हकीकत. कॅलट्रेन या लोकल गाडीने सांता क्लारा स्टेशनला उतरलं की एल कॅमिनो रिआल ओलांडायचा, की विद्यापीठाच्या आवारात पोचलात. सॅन होजे विमानतळ रुळांच्या पलीकडे आहे आणि तिथून व्हीटीएची ६० नंबरची बस स्टेशनावर आणून सोडते. इतकं सोपं असूनही लोक चुकतात, कारण घाईघाईत नकाशावर ‘सांता क्लारा स्टेडियम’ शोधलं की लीव्हाइज स्टेडियम पुढे येतं. ते अमेरिकन फुटबॉलचं, आणि शहराच्या वेगळ्याच भागात. हॉटेल त्याच्याजवळ घेतलंत तर रात्री सामना सुटल्यावर टॅक्सीचा भुर्दंड ठरलेला.

आवाराच्या मधोमध १७७७ सालच्या स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मिशनचं चर्च आहे. ते दिवसा उजेडी बघून घ्यावं, कारण संध्याकाळचं काम लीव्ही सेंटरमध्ये आहे. पाच हजारांपेक्षा कमी खुर्च्यांचं हे जिम १९७५ मध्ये उभं राहिलं तेव्हा छत हवेच्या दाबावर तरंगणारं होतं. आता ते पक्कं आहे. एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, गाजवणारा स्टीव्ह नॅश इथलाच. पण मला इथे आणणारं नाव जेलन विल्यम्सचं. तीन वर्षं तो इथे खेळला, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या रात्री, बाराव्या क्रमांकावर ओक्लाहोमा सिटीने त्याला उचललं, आणि जून २०२५ मध्ये एनबीए फायनलच्या पाचव्या सामन्यात त्याने इंडियानाविरुद्ध ४० गुण केले. त्या काळात वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सांता क्लारा ज्या कॉलेजगटात खेळतं तिथे, खेळाडू हेरणाऱ्या स्काउटची गर्दी असायची ती गोन्झागा विद्यापीठाच्या चेट होमग्रेनसाठी. त्याला बघायला आलेल्यांच्या डोळ्यांसमोर विल्यम्सही खेळून गेला. पुढे दोघांना एकाच संघाने एकाच रात्री घेतलं, हा भाग वेगळा.

या वेळी ज्याच्यासाठी आलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, संघही सांगत नाही. एवढं पुरे की तो विंग आहे, म्हणजे बॉल हाताळणारा गार्ड आणि रिंगजवळचा उंच बिग यांच्या मधला, साडेसहा फुटांच्या आसपासचा, आणि बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, तिन्ही जिममध्ये तो पाहुण्या संघाकडून उतरला. पोराला शक्यतो बाहेरच्या मैदानावर बघावं. घरच्या जिममध्ये रिंग ओळखीची, पाठीमागचे विद्यार्थी आपले. बाहेर तेच विद्यार्थी फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, वेळी समोर उभे राहून नाचतात.

व्हिडिओ घरबसल्या मिळत असताना हिंडायचं कशाला? कॅमेरा बॉलच्या मागे पळतो म्हणून. विंगचं निम्मं काम बॉलपासून वीस-पंचवीस फुटांवर चालतं आणि ते टीव्हीच्या चौकटीत मावत नाही. म्हणून तिकीट काढतानाच विचार करायचा. मैदानालगतची महागडी खुर्ची नको, तिथून समोरच्याची पाठ दिसते. मी कोपऱ्यातली, आठव्या ते बाराव्या रांगेतली जागा घेतो, शक्यतो त्याच्या बेंचच्या समोरच्या बाजूची. दहाही खेळाडू एका नजरेत येतात आणि टाइमआउटमध्ये कोच बोलत असताना तो कुठे बघतोय तेही दिसतं.

सामन्याच्या तासभर आधी आत शिरायचं. सरावात पोरगा किती बॉल रिंगमध्ये टाकतो हे मोजण्यात अर्थ नाही, तिथे सगळेच टाकतात. पाय बघायचे. कॉलेजची तीन गुणांची रेषा (तिच्यामागून बॉल पडला तर तीन गुण) रिंगपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची माथ्यावर २३ फूट ९ इंचांवर. फरक दीड फुटाहून किंचित जास्त, म्हणजे त्या मापाच्या माणसाचा साधारण दीड बूट. शूटरच्या बुटाचं टोक आणि रेषा यांच्यात दीड बूट मावत असेल आणि तरी बॉल टाकताना गुडघे नेहमीपेक्षा खोल जात नसतील, तर त्याचं अंतर आहे. गुडघे खाली गेले, खांदे मागे झुकले आणि बॉल छातीपासून ढकलला गेला, तर आज पडणारे बॉल पुढच्या वर्षी पडतील याची खात्री नाही.

टक्केवारीचं सगळ्यांना वेड असतं, म्हणून इथे थोडा हिशोब. विल्यम्सने शेवटच्या वर्षी तीन गुणांचे ३९.६ टक्के बॉल रिंगमध्ये पाडले होते, पण पूर्ण मोसमात प्रयत्न शंभराच्या जरा वरच. त्यातले पाच रिंगला लागून बाहेर पडले असते तर आकडा ३५ च्या आसपास आला असता आणि बहुतेक अहवालांत ‘शूटिंगबद्दल शंका’ लिहिलं गेलं असतं. पाच बॉल! म्हणून फ्री थ्रोही बघायचे. तिथे अंतर तेच, समोर कोणी हात वर करून येत नाही, हाताची खरी सफाई कळते. त्याचे फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या वर होते. पहिल्या एनबीए मोसमात तीन गुणांची टक्केवारी ३५.६ वर उतरली, दुसऱ्यात ४२.७ वर गेली. दोन्ही आकडे एकाच हाताचे.

लीव्ही सेंटरसारख्या लहान जिमचा एक फायदा मोठ्या अरिनात कधीच मिळत नाही: ऐकू येतं. डिफेन्सला विंग बोलतो का, ‘स्क्रीन लेफ्ट’ (डावीकडे वाट अडवायला कोणी उभा आहे) असं वेळेवर ओरडतो का, की मुकाट उभा राहून सोबत्याला धडकू देतो, हे डोळे मिटूनही कळतं. बुटांचे आवाजही तसेच. बॉल कोपऱ्यातल्या शूटरकडे फेकला गेला की त्याच्यावर धावत जाणं म्हणजे क्लोज-आउट. चांगल्या क्लोज-आउटला दोन वेगळे आवाज असतात: आधी तीन-चार लांब ढांगा, त्यांचा जवळपास आवाजच नाही, आणि मग शेवटच्या पाच-सहा फुटांत आखूड पावलांची चर्र-चर्र-चर्र. कंबर खाली, एक हात वर. आपल्या पोराच्या पहिल्या दोन क्लोज-आउटला ही चरचर ऐकूच आली नाही. तो लांब ढांगा टाकत थेट हवेत उडाला, शूटरने बॉल टाकायचं नुसतं सोंग केलं आणि शेजारून निघून गेला. तिसऱ्या वेळी आवाज आला. कोचने मधल्या टाइमआउटमध्ये काहीतरी सांगितलं असणार, आणि ते त्याने लगेच उचललं. वहीत मी चुकांपेक्षा ही दुरुस्ती मोठ्या अक्षरात लिहिली.

वहीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गुण, रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) मी लिहीत नाही, ते बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेतक्त्यात, फुकट मिळतात. माझ्या पानावर चार रकाने: तो कोणाला गार्ड करतोय, बॉल दुसऱ्या बाजूला असताना काय करतो, बॉल हातात आल्यावर निर्णयाला किती वेळ लावतो, आणि हात लागून दिशा बदललेले पास. पहिल्या रकान्यात वीस मिनिटांत चार वेगवेगळे जर्सी नंबर आले की ‘अष्टपैलू’ या शब्दाला काही आधार मिळतो. एकच नंबर असेल तर तो कोचचाही निर्णय असू शकतो, लगेच पोराच्या माथी मारू नये.

सांता क्लाराहून सॅन फ्रान्सिस्कोला परत कॅलट्रेनच. २०२४ च्या सप्टेंबरपासून गाड्या विजेवर धावतात आणि प्रवास बराच सुखाचा झालाय. निघण्यापूर्वी एल कॅमिनोवरच सनीवेलच्या बाजूला सरकलात तर भारतीय खाणावळी आणि किराण्याची दुकानं ओळीने लागतात. जिममधल्या चीज घातलेल्या चिप्सवर दोन आठवडे काढायचे नसतील तर तिथेच पोटाची सोय करून घ्यावी. शहरात मार्केट स्ट्रीटवरून ५ नंबरची फुल्टन बस युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोजवळ सोडते. बास्केटबॉलचा महान खेळाडू बिल रसेल इथला. १९५५ आणि १९५६ ची राष्ट्रीय विजेतेपदं याच विद्यापीठाची. मात्र वॉर मेमोरियल जिम १९५८ चं आहे, त्यामुळे ‘रसेल इथे खेळला’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवायची आणि पुढे व्हायचं.

या सामन्यात पहिल्या हाफमध्येच त्याला दुसरा फाउल लागला आणि कोचने त्याला हाफ संपेपर्यंत बसवलं. कॉलेजात पाच फाउलला खेळाडू बाद होतो, एनबीएत सहाला, आणि सामनाही इथे ४० मिनिटांचा, तिथे ४८ चा. त्यामुळे कॉलेजचे कोच दुसऱ्या फाउलला घाबरतात. विमानाचं तिकीट काढून यायचं आणि पोराला बारा मिनिटं बघायचं, हे घडतं. म्हणून एका सामन्यासाठी कधी जाऊ नये. ही कॉन्फरन्स बहुतेक गुरुवारी आणि शनिवारी खेळते, दोन्ही सामने धरूनच बेत आखावा.

शनिवार मोरागाचा. सेंट मेरीज कॉलेज टेकड्यांच्या कुशीत आहे आणि तिथे बार्ट, म्हणजे बे एरियाची मेट्रो, जात नाही. ओरिंडा किंवा लाफायेट स्टेशनला उतरून काउंटी कनेक्शनची ६ नंबरची बस. जाताना ठीक आहे, पण रात्री सामना संपल्यावर बस मिळेल या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. जिम साडेतीन हजारांचं, आणि कोच रँडी बेनेटच्या काळात या संघाने एक गोष्ट धर्मासारखी पाळली: सावकाश खेळायचं. बॉल टाकायला मिळणाऱ्या ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकमधले पंचवीस वापरून मगच बॉल टाकायचा. अशा सामन्यात प्रत्येक संघाला बॉल साठेक वेळाच मिळतो, एनबीएत तो शंभराच्या आसपास. इथे कोणी ११ गुण केले म्हणून त्याला कमी लेखणं म्हणजे मापच चुकवणं. आकडे दर १०० पझेशनला, म्हणजे संघाला शंभर वेळा बॉल मिळाला असं धरून, काढून मगच दोन पोरांची तुलना करावी.

मोरागातली दुसरी शिकवणी डिफेन्सची. समोरच्यांनी पिक अँड रोल लावला, म्हणजे त्यांच्या बिगने बॉलवाल्याला गार्ड करणाऱ्याची वाट अंगाने अडवली, की तो बिग मग रिंगकडे पळतो. अशा वेळी दूरच्या कोपऱ्यातल्या विंगने आत येऊन त्याला खांदा द्यायचा आणि बॉल डोक्यावरून कोपऱ्यात फेकला गेला की परत पळायचं. याला टॅग म्हणतात. आपला पोरगा टॅगला कायम वेळेवर दिसत होता आणि मला आधी कौतुक वाटलं. मग मी तोंडातल्या तोंडात मोजायला लागलो: एक, दोन, तीन, चार. तो येत नव्हताच, तो तिथेच उभा होता! एनबीएत कोणाला गार्ड न करता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबलं की फाउल आणि समोरच्याला फ्री थ्रो. कॉलेजात हा नियम नाही. त्यामुळे कॉलेजमधले ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) आणि मदतीचा डिफेन्स फुगलेला दिसतो, आणि उलट, रिंगपर्यंत ड्रिबल मारत जाणारा विंग आहे त्यापेक्षा वाईट दिसतो, कारण वाट माणसांनी भरलेली असते. विल्यम्स याच गर्दीतून पिक अँड रोल चालवून सामन्याला ४.२ असिस्ट देत होता. उंच विंगला गर्दीच्या वरून फट दिसते, पण पास द्यायला ती फट उघडायच्या अर्धा सेकंद आधी हात निघावा लागतो. आपल्या पोराचा हात फट उघडल्यावर निघतो. हे शिकवता येतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही.

मार्चमध्ये सगळे लास व्हेगासला. २००९ पासून कॉन्फरन्सची मोसमाअखेरची स्पर्धा तिथल्या ऑर्लिन्स अरिनात होते. हॉटेलला लागूनच आहे, स्ट्रिप या मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला, ट्रॉपिकाना अव्हेन्यूवर. स्ट्रिपवरून चालत जायचा विचार सोडून द्या. पूर्ण स्पर्धेचा पास घेण्याआधी ड्रॉ बघा: पहिल्या दोन मानांकनांचे संघ थेट उपांत्य फेरीत येतात, म्हणजे त्यांचा पोरगा फार तर दोनदा दिसेल. खालच्या संघाचा असेल तर लागोपाठच्या दिवशी सामने, आणि मला तेच हवे असतात. दुसऱ्या दिवशी पाय जड होतात आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागतो. डावी-उजवीकडे जात असेल तर हाताचा दोष. सरळ जाऊन आखूड पडत असेल तर नुसता थकवा, त्याला व्यायामशाळेत इलाज आहे. आपल्या पोराचे दुसऱ्या दिवशीचे चारही बॉल आखूड पडले. एकही तिरका नाही.

उरलं मोजमाप. कार्यक्रमपत्रिकेतली उंची बूट घालून आणि थोडं मन मोठं करून लिहिलेली असते. मे महिन्यात शिकागोच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एनबीएच्या चाचणीत, बूट काढून मोजतात. तिथे विल्यम्सची उंची साडेसहा फुटांच्या खाली भरली, पण पसरलेल्या हातांचं माप ७ फूट २ इंचांच्या वर गेलं आणि त्याचा भाव एका आठवड्यात वधारला. जिममध्ये टेप लावता येत नाही, पण राष्ट्रगीताला खेळाडू हात खाली सोडून उभे असतात तेव्हा बोटं मांडीवर कुठपर्यंत पोचतात ते शेजारच्याशी ताडून बघता येतं. आपल्या पोराची बोटं गुडघ्यापासून चार बोटं वर.

पुढे काय, ते तो ठरवेल. हल्ली लहान कॉलेजातला असा विंग ड्राफ्टऐवजी आधी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, मोठ्या विद्यापीठात जातो, पैसेही तिथे जास्त. तसं झालं तर पुढच्या हिवाळ्यात त्याला पंधरा-वीस हजारांच्या अरिनात बघावं लागेल. बुटांची चरचर तिथे ऐकू येणार नाही, पण बॉल त्याच्या हातात आत्ताच्या निम्मा वेळ असेल आणि बाकीचा वेळ तो कोपऱ्यात उभा असेल. तिकीट काढताना तो कोपरा दिसेल अशीच खुर्ची घ्यायची आहे.