एफसी झालीय म्हणजे गाडी चांगली काय?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. नाहीतर हेच मी काउंटरवर उभ्या उभ्या तुकड्यातुकड्यांनी रोज सांगत असतो. बेळगावात माझं मोटार स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक क्लच प्लेट न्यायला येतं, पैसे देतं आणि पायरी उतरता उतरता वळून विचारतं, "काका, घरच्यांसाठी एक जुनी वॅगन-आर बघूलालोय. दोन हजार दहाची. एफसी आत्ताच झालीय, पाच वर्षं बघायला नको म्हणतोय मालक. घेऊ काय?"

एफसी म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. तिच्यावर भरवसा ठेवा, पण कागदावरची गाडी हीच आहे एवढ्यापुरता. गाडी कशी आहे, ते त्या कागदात लिहिलेलं नसतं.

आधी कागद म्हणजे काय ते बघू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, गाडी फिट ठरली की आरसी ५ वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून कारची ही फी ६०० ची ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली. तेव्हापासून विकणारा छाती पुढे काढून सांगतो, "आत्ताच पाच हजार भरलेत." घेणाऱ्यालाही वाटतं, एवढे पैसे घेतलेत तर तेवढं तपासलंही असेल. अहो, ती सरकारची फी आहे. तेवढ्या पैशांत कुणी तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून बघत नाही.

मग बघतात काय? बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद धरायचा आणि वर पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटतो. तो आरसीशी जुळवतात. इंजिन नंबर, रंग, नंबर प्लेट, विमा, पीयूसी. मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट, टायर. थोडी चालवून ब्रेक. ओळख पटवायचं काम यात चोख होतं असं माझं मत आहे, आणि आमच्या सीमाभागात ते काही थोडकं नाही. इथे कोल्हापूरची एमएच-०९ येते, सावंतवाडीकडची एमएच-०७ येते, गोव्याची येते. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडची एनओसी आणून इकडचा नंबर घ्यावा लागतो, टॅक्स भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या, चंदगडच्या पाव्हण्याची गाडी 'नंतर करू नावावर' म्हणत वर्षानुवर्षं फिरवणारे किती तरी आहेत. कर्जातली, भानगडीतली गाडी असली तर ती बहुतेक याच टेबलावर अडकते. त्यामुळे एफसी झालेली गाडी म्हणजे निदान कागदाने सरळ गाडी.

तब्येतीचं मात्र वेगळं आहे. पासिंगच्या, म्हणजे या तपासणीच्या, आदल्या दिवशी माझ्याकडे काय खपतं सांगू? बल्ब, वायपर ब्लेड, हॉर्न, इंडिकेटरची काच. आणि पासिंगनंतर महिना-दोन महिन्यांत तीच माणसं काय मागतात? मागचे व्हील सिलिंडर, ब्रेक शू, लोअर आर्म, इंजिन माउंटिंग. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. जे विचारलं जाणार तेवढंच माणूस दुरुस्त करतो. काही तर मित्राच्या गाडीचे टायर एका दिवसापुरते चढवून जातात. मुलगी बघायला उसना शर्ट घालून जावं, तशातली गत.

ब्रेकचं जरा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. तपासणीत ब्रेक थंड असतात. सपाट जागा, गाडीत एकटा ड्रायव्हर, वेग बेताचा. पेडल कडक लागलं, गाडी थांबली, झालं. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ चं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळायला नको. पाणी धरलेल्या ऑइलला नियमाने हीच मर्यादा १४० अंशांची आहे. बेळगावात फिरताना हा फरक जन्मात कळत नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घालून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायला लागलात, तिसऱ्या गिअरमध्ये सारखा ब्रेकवर पाय, की ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होत खाली जातं. खाली पोचून अर्धा तास थांबलात की परत कडक. अशी गाडी दुसऱ्या दिवशी तपासायला न्या, पास होईल.

मागच्या ड्रमचंही तसंच. व्हील सिलिंडरच्या टोकाला रबरी टोपी असते. मेस्त्रीला ड्रम काढायला लावा आणि ती टोपी नखाने जराशी उचला. आत कोरडं असलं तर ठीक. ओलं लागलं, बोटाला तेलकट आलं, तर सिलिंडर गळायला लागलाय आणि उद्या ते ऑइल शूवर जाणार. ब्रेक ऑइलची वरची टाकी भरून ठेवली की पेडलवरून काही कळत नाही. हा पार्ट महागडाही नाही, पण तो ड्रमच्या आत असतो आणि ड्रम कुणी उघडत नाही.

आता यंत्राने तपासणीची केंद्रं होतायत, नियम २०२१ मध्येच आले. तिथे रोलरवर चाक ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती ओढतो, डाव्या-उजव्यात फरक किती, ते यंत्र मोजतं. हेडलाइटचा झोतही मोजतं. मला हे पटतं. तिथे ओळखपाळख चालत नाही आणि उसन्या हॉर्नने भागत नाही. तरी यंत्रसुद्धा त्या दिवसाचा आकडा देतं. ऑइल किती वर्षांचं, टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे त्याला दिसत नाही. जुन्या आल्टोच्या ८०० सीसी इंजिनला आणि पहिल्या वॅगन-आरला बेल्ट आहे. नंतरच्या के-सिरीज इंजिनला चेन आली. बेल्टची गाडी असेल तर बदलल्याचं बिल मागा, नसेल तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

खरी अडचण पाच वर्षांची आहे. पिवळ्या पाटीची टॅक्सी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तपासणीला जाते. ब्रिटनमध्ये तर घरची कारसुद्धा तीन वर्षांची झाली की दर वर्षी जाते. आपली पांढऱ्या पाटीची गाडी पहिली १५ वर्षं कुणी बघत नाही आणि पुढे पाचातून एकदा. मधे फक्त पीयूसी, ती धूर बघते. चेसिस कुजली असली तरी धूर स्वच्छ येऊ शकतो.

कुजण्यावरून आठवलं. आमच्याकडे गाडी कुणाची हे सगळे विचारतात, 'डॉक्टरांची आहे' म्हटलं की भाव चढतो. मी विचारतो, गाडी कुठली? अथणी-रायबागकडची गाडी म्हणजे कमी पाऊस, धूळ भरपूर. एअर फिल्टर, बुश, शॉक ॲब्सॉर्बर खाल्लेले मिळतील, पण पत्रा शाबूत. खानापूर-कणकुंबीची म्हणजे चार महिने तांबडा चिखल सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या, आत भरून बसलेला. वेंगुर्ला, गोवा म्हणजे खारं वारं. या दोन्हींकडच्या गाड्यांना मी वरून हात लावत नाही, खालून बघतो. जॅक लावायच्या जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. धड पत्रा ठणकतो, कुजलेला दबका वाजतो आणि आतून गंजाचा भुगा गळतो. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर जास्तच ठोका. पंधरा वर्षांच्या गाडीला विकायच्या महिन्यात कोटिंग कशाला लागतं?

टायर तर घरबसल्या बघता येतात. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असली की नियमात बसते, म्हणून कमी चाललेल्या गाडीचे जुनाट, कडक झालेले टायरही पास होतात. पावसात हायवेवर वंटमुरी घाट उतरताना ते काय करतील, हा प्रश्न तिथे निघत नाही. आणि एक. एफसी गाडीला तिच्या काळाच्या नियमाने तपासते. नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली. २०१० च्या साध्या मॉडेलात दोन्ही नसतात आणि तरी ती पूर्ण फिट ठरते. घरात लहान मुलं असतील तर हा विचार कागद बघायच्या आधी करा.

मग घेऊ नये काय? घ्या की. जपलेली पंधरा वर्षांची गाडी मी स्वतः लोकांना घ्यायला सांगतो. फक्त इसार द्यायच्या आधी मालकाला म्हणा, वॉशिंगच्या रॅम्पवर चढवू या, माझा मेस्त्री खालून बघेल, ड्रम उघडेल, मजुरी मी देतो. बरेचजण हो म्हणतात. जो 'आत्ता तर सरकारने पास केलीय, परत कशाला' म्हणत टाळायला लागतो, त्याच्याकडे चहा घ्या आणि दुसरी गाडी बघा. घेतलीत तर ब्रेक ऑइल पहिल्याच आठवड्यात बदला, आणि पुढे दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, एकदा रॅम्पवर चढवा.