मगर नाही, बाप बघते

मुंबईच्या पवई तलावावर मी काय बघते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिथे काठावर दुर्बीण घेऊन उभी राहिले की फिरायला आलेल्यांपैकी कुणीतरी थांबतंच. "ताई, मगर दिसली का?" मगरी आहेत तलावात, पण मी त्यांच्यासाठी येत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्या जलपर्णीत एवढं काय बघता?"

कमळपक्षी बघते. त्यातही कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर. काळंभोर डोकं-मान, डोळ्यावरून मागे गेलेली ठसठशीत पांढरी भुवई, उन्हात चमकले की हिरवट-तपकिरी दिसणारे पंख. पायांची बोटं इतकी लांब की अंगाचा भार पानांवर पसरतो आणि तो तरंगत्या पानांवरून खुशाल चालत जातो. मादी अगदी त्याच्यासारखीच दिसते, फक्त वजनाला साधारण दीडपट. हा फरक महत्त्वाचा, कारण इथे हद्द राखते ती मादी. तिच्या एका हद्दीत दोन, तीन, कधी चार नर आपापला तुकडा धरून राहतात. ती एकाच्या घरट्यात चार अंडी घालते आणि दुसऱ्याकडे वळते. पुढचं सगळं बापाचं.

अंडी जवळून पाहण्यासारखी असतात: चकचकीत तपकिरी, वर काळ्या रेघांचं जाळं, एखाद्या पोराने बोरूने गिरगटल्यासारखं. घरटं म्हणजे ओल्या पाल्याचा तरंगता ढीग. तिथे एकटा नर अंडी उबवतो. पिल्लं जन्मताच चालतात, स्वतःचं खाणं स्वतः टिपतात, बापाने फक्त राखण करायची. पण ती राखण बघाच! आकाशात घार दिसली की तो खाली बसतो, पिल्लं पंखांखाली शिरतात, आणि तो त्यांना काखेत दाबून उठतो. मग पंखांखालून पिल्लांचे लांबलचक पाय लोंबत असतात आणि पक्षी चालू लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला पाय आहेत तरी किती! या जातीच्या पंखातलं एक हाड पात्यासारखं पसरट झालेलं असतं. पिल्लं धरायला त्याची मदत होत असावी, असं अभ्यासकांना वाटतं.

असं उलटं का? तरंगतं घरटं फार बेभरवशाचं. पाणी चढतं, साप येतो, कावळा येतो. गेलेल्या अंड्यांची भरपाई लवकर करू शकणारी मादी इथे वरचढ ठरते, आणि खाणं भरवायचं नसल्याने पिल्लांना एक पालक पुरतो.

नरांचंही आपसांत चालतं. तमिळनाडूतल्या वेंबनूरच्या तळ्यावर स्टुअर्ट बुचार्ट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच मादीचे नर तिला आपल्याकडे बोलावण्यासाठी ओरडण्याची चढाओढ करतात, असं त्यात दिसलं. पवईच्या काठावर तो कर्कश आवाज ऐकला की मला हेच आठवतं.

याचा भाऊबंद लांबशेपटी कमळपक्षी. पावसाळ्यात पांढरेशुभ्र पंख आणि लांब काळी शेपटी घेऊन मिरवतो, हिवाळ्यात ती शेपटी गळते. त्याच्यातही अंडी नरच सांभाळतो. धोका वाटला तर अंडं चोच आणि छातीच्या मध्ये धरून दुसरीकडे हलवतो.

लोकांना फ्लेमिंगो माहीत आहेत, ते खाडीवर हजारोंनी दिसतात, आणि बघावेतच. पण कमळपक्षी आपल्या शहराच्या मधोमध, १८९१ मध्ये बांधलेल्या एका तलावावर राहतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काठावरचा सायकल ट्रॅक २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, तेव्हा चर्चा झाली ती मगरींची आणि पाण्याची. ती व्हायलाच हवी होती. पण घरटी त्या पानांवर असतात, हेही कुणीतरी म्हणायला हवं होतं.

जलपर्णी वाढली की पाणी गुदमरतं, ती काढायलाच हवी. माझं मागणं फक्त वेळेचं आहे: जून ते सप्टेंबर या विणीच्या काळात तराफ्यासारखी तरंगणारी दाट पानं उपसू नयेत. यंत्रं चालवायला उरलेले आठ महिने आहेतच.