कोचचं चुकलं की पोरांचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरातलं कुणी अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकायला गेलं, की पहिल्याच सप्टेंबरात त्या विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाच्या रंगाचे टी-शर्ट घरी येतात आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत हा प्रश्न येतो: "सगळे कोचला हाकला म्हणून ओरडतायत, पण चेंडू तर पोराच्या हातून सुटला. मग कोचचं चुकलं असं कधी म्हणायचं?"

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आपल्या खेळात क्षेत्ररचना कर्णधार लावतो, गोलंदाज तो बदलतो, कोच बाहेर बसतो. कॉलेज फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डावपेच सीमारेषेबाहेरून येतो. एक चाल संपली की साधारण 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्यात पुढची चाल आत पोचवायची असते. 2024 पासून आक्रमणातल्या एका आणि बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो. घड्याळावर 15 सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणून माझा ढोबळ नियम असा: चेंडू हलायच्या आधी जे ठरतं ते कोचच्या खात्यावर, हलल्यानंतर जे होतं ते बहुतांशी पोरांच्या. त्या 'बहुतांशी'कडे पुढे येऊच.

आधी दंड बघा. सगळे दंड सारखे नसतात. होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला हातांनी धरून ठेवल्याचे, 10 यार्ड जातात तेव्हा बऱ्याचदा समोरचा पोरगा आपल्या पोराला भारी पडलेला असतो. पण चाल वेळेत सुरू झाली नाही म्हणून 5 यार्ड, मैदानात बारावा माणूस राहिला म्हणून 5 यार्ड, हे चेंडू हलायच्या आधीचे दंड आहेत. परक्या मैदानात 80 हजार लोक ओरडत असताना एखादा फॉल्स स्टार्ट (चेंडू हलायच्या आधीच पोरगा हलणं) होणारच, तो सोडून द्या. टाइमआउट घेऊन सगळ्यांशी बोलून झाल्यावरही चाल उशिरा सुरू झाली, तर तिथे सबब नाही.

टाइमआउट एका अर्ध्या डावात तीनच मिळतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चाल आत पोचायला उशीर झाला म्हणून एक वाया घालवला, तर प्रेक्षकांना त्याचं काही वाटत नाही. किंमत शेवटी कळते. समोरच्याकडे चेंडू आणि आघाडी असेल, तर प्रत्येक टाइमआउट तुमचे जवळपास 40 सेकंद वाचवतो. तीनही शिल्लक असतील तर समोरच्याच्या तीन चालींनंतर चेंडू परत मिळतो आणि वेळही उरतो. एकही नसेल तर तेवढ्यात दोन मिनिटं उडतात. 2023 पासून फर्स्ट डाउन (10 यार्ड काढून नव्याने चार प्रयत्न) मिळाल्यावर घड्याळ थांबणंही बंद झालंय, फक्त दोन्ही अर्ध्या डावांच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. त्यामुळे जुन्या अंदाजावर वेळ मोजणारे कोच अजूनही फसतात.

आता चौथा डाउन, म्हणजे चौथा प्रयत्न. चार प्रयत्नांत 10 यार्ड काढायचे हे तुम्हाला माहीत आहे. समजा समोरच्याच्या 40 यार्डांच्या रेषेवर आहात, चौथा प्रयत्न आहे आणि एकच यार्ड हवाय. फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारायचा तर अंतर 57 यार्ड पडतं: गोलरेषेपर्यंतचे 40, तिच्यामागच्या पट्ट्याचे, म्हणजे एंड झोनचे, 10 आणि चेंडू मागे धरतात ते सात. कॉलेजच्या फार थोड्या किकरांना ते झेपतं. पंट केला, म्हणजे लाथेने चेंडू लांब समोरच्याकडे धाडला, आणि तो एंड झोनमध्ये गेला, तर समोरच्याला तो 20 वर मिळतो, म्हणजे चेंडू देऊन टाकून आपण कमावले फक्त 20 यार्ड. चौथ्यावर एक यार्ड काढायला गेलेले संघ साधारण तीनांत दोनदा तो काढतात. तरीही प्रयत्न फसला की "पंट करायचा सोडून हे काय?" म्हणून स्टेडियम कोचला शिव्या घालतं. निकाल बघून निर्णयाला नावं ठेवायची ही सवय मोडायला एक साधा उपाय आहे. चौथा डाउन आला की कोच काय करतोय ते दिसायच्या आधी आपण काय केलं असतं ते शेजारच्याला मोठ्याने सांगायचं. दोन-तीन सामन्यांत तुमचा आवाज आपोआप खाली येतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते आणखी एका ठिकाणी. संघ 14 गुणांनी मागे आहे, थोडा वेळ उरलाय आणि टचडाउन झालं, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेऊन सहा गुण मिळाले. आता आठने मागे. एक गुणाची किक मारायची, की दोन गुणांसाठी चाल खेळायची? लोक म्हणतात, किक मारा, दोनाचं नंतर बघू. आता हिशोब करा. दोन गुणांची चाल 100 पैकी 40 वेळाच जमते असं धरू, किक नेहमी बसते असं धरू आणि दुसरं टचडाउन होणारच आहे असंही धरू. दोन्ही वेळा किक मारली तर बरोबरी, जादा वेळ, म्हणजे जिंकायची शक्यता 50. पहिल्यांदाच दोनासाठी गेलो, तर 40 वेळा ते जमेल आणि पुढच्या टचडाउननंतर साध्या किकवर सामना खिशात. उरलेल्या 60 वेळांत दुसऱ्या टचडाउनवर पुन्हा दोनासाठी जाता येतं. त्यातल्या 24 वेळा बरोबरी होते आणि त्यातले निम्मे, म्हणजे 12 सामने, जिंकता येतात. 40 आणि 12 मिळून 52. चाल 38 टक्क्यांच्या वर जमत असेल तर लगेच दोनासाठी जाणंच फायद्याचं. त्यामुळे असा निर्णय घेणाऱ्या कोचला मूर्ख म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, कागद-पेन देतो.

हे सगळं एका संघावर लावून बघू. नेब्रास्का विद्यापीठ. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत. टॉम ऑस्बर्न यांनी तिथे 1973 ते 1997 अशी 25 वर्षं कोचिंग केलं आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. त्यांच्या शेवटच्या, 1997 च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) स्कॉट फ्रॉस्ट. पुढे कोच म्हणून त्याने सेंट्रल फ्लोरिडाला 2017 मध्ये 13 पैकी 13 सामने जिंकून दिले. असा माणूस माहेरी परत आल्यावर कोण हरखणार नाही? तो 2018 च्या हंगामापासून नेब्रास्काचा कोच झाला. नोंद झाली 16 विजय, 31 पराभव.

त्यातला 2021 चा हंगाम अभ्यासासारखा आहे. तीन विजय, नऊ पराभव. पण नऊपैकी आठ पराभव आठ किंवा त्याहून कमी गुणांचे, आणि नववा, ओहायो स्टेटविरुद्धचा, नऊ गुणांचा. पूर्ण हंगामात नेब्रास्काने केलेले गुण 335 आणि दिलेले 272. म्हणजे बारापैकी नऊ सामने हरलेला संघ गुणांत 63 ने पुढे. तेव्हा अनेक जाणकार म्हणाले, हे निव्वळ दुर्दैव आहे, पुढच्या वर्षी फासे उलटे पडतील. या म्हणण्यात तथ्य असतं. निसटते सामने सहसा वर्षानुवर्षं एकाच बाजूला जात नाहीत. सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हेही जवळपास नाणेफेकीसारखं असतं.

पण ते सामने एकेक करून उघडा. इलिनॉयविरुद्ध आपल्याच गोलरेषेजवळ पंट झेलून सेफ्टी दिली, म्हणजे आपल्याच एंड झोनमध्ये अडकून दोन गुण घालवले. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची किक अडवली गेली आणि त्यांनी ती पळवत नेऊन उलट दोन गुण घेतले. दोन फील्ड गोलही हुकले. मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये 20-13 अशी आघाडी होती. अडवणारी पोरं एका बाजूला धावली, पंट दुसऱ्या बाजूला गेला आणि 62 यार्ड पळून बरोबरी झाली. जादा वेळेत हरले. आयोवाविरुद्ध 21-6 आघाडीवरून पंट अडवला जाऊन टचडाउन बसला आणि सामना 28-21 ने गेला. प्रत्येक वेळी स्पेशल टीम्स, म्हणजे किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्या. आक्रमण आणि बचावाच्या मानाने या तुकड्यांना सरावात वेळ कमी मिळतो, आणि तो किती द्यायचा हे मुख्य कोच ठरवतो. इथे तो 'बहुतांशी' कामाला येतो. चूक चेंडू हलल्यानंतरची असली, तरी तीच तीन-चार आठवडे दिसत राहिली की ती पोराची राहत नाही. दुर्दैव इतकं एकाच खात्यात साचत नाही. हंगामाचे दोन सामने बाकी असतानाच फ्रॉस्टने आक्रमणाचे चार साहाय्यक काढले आणि हंगाम संपल्यावर स्पेशल टीम्ससाठी बिल बुश यांना नेमलं. म्हणजे त्यालाही ते दिसलं होतं.

मग 27 ऑगस्ट 2022, डब्लिन, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्टने अचानक ऑनसाइड किक (चेंडू परत आपणच मिळवावा म्हणून जवळच मारलेली सुरुवातीची किक) मारायला लावली. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, त्यांनी टचडाउन केलं आणि पुढे सामना 31-28 ने जिंकला. समोरचा बेसावध असताना मारलेली ऑनसाइड किक, सगळ्यांना माहीत असताना मारलेल्या किकपेक्षा खूप जास्त वेळा यशस्वी होते. त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती. पण जुगार मागे असलेल्याने खेळायचा असतो. 11 ने पुढे असलेल्याला सामना सरळ चालू राहण्यातच फायदा असतो. हा निर्णय शंभर टक्के चेंडू हलायच्या आधीचा, आणि ती किक यशस्वी झाली असती तरी मी त्याला चूकच म्हटलं असतं.

हाफटाइमबद्दल फार बोलत नाही. "हाफटाइमला काही बदललंच नाही" हे वाक्य प्रत्येक हरलेल्या संघाचे चाहते म्हणतात. 20 मिनिटांत पोरं आत जाऊन, पाणी पिऊन, बँडेज बदलून परत येतात. नवी व्यूहरचना शिकवायला वेळ कुठे? खरे बदल बाकावर, दोन चढायांच्या मधे होतात.

आक्रमण खरंच वाईट आहे की नुसतं नशीब वाईट, हे बघायला वही घ्या. पहिल्या डाउनला हवे त्याच्या निम्मे यार्ड मिळाले, दुसऱ्याला 70 टक्के मिळाले, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले, की त्या चालीपुढे बरोबरची खूण, नाहीतर फुली. म्हणजे पहिल्या डाउनला 10 पैकी पाच, दुसऱ्याला आठ हवे असतील तर सहा. बरोबरच्या खुणा 100 चालींत चाळीसच्या थोड्या वर असल्या तर सर्वसाधारण. निकाल लागून गेल्यावरच्या चाली मोजू नका. 30 ने मागे पडलेल्या संघाला समोरचे यार्ड फुकट देतात आणि दुसऱ्या दिवशी एकूण यार्डांचा आकडा बघून लोक फसतात. खुणा चांगल्या आणि गुण कमी असतील तर हुकलेल्या किक आणि गमावलेले चेंडू शोधा. खुणाच कमी असतील तर पासच्या वेळी दोन सेकंद चेंडू विसरून पुढच्या पाच धिप्पाड पोरांकडे बघा. ती सारखी मागे ढकलली जात असतील तर कुठलीही चाल चालणार नाही.

यावर लगेच उत्तर येतं: "पोरं आधीच्या कोचने आणलेली आहेत." पूर्वी यासाठी तीन-चार वर्षं माफ होती. 2021 पासून खेळाडू वर्षभर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो, त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याला आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि 2025 च्या जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर पोरं घेऊन इंडियाना विद्यापीठात आले. आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेल्या त्या संघाने 2024 मध्ये 11 जिंकले. नावाजलेले कोच निक सेबन यांनाही अलाबामात पहिल्या वर्षी, 2007 मध्ये, सातच सामने जिंकता आले होते, म्हणून एक हंगाम मी अजूनही माफ करतो. दुसऱ्या हंगामापासून पोरं त्याचीच.

राहिला "मग हाकलत का नाहीत?" हा तुमचा उपप्रश्न. करार मोडला तर उरलेले पैसे द्यावे लागतात. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये कोच जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं. फ्रॉस्टच्या बाबतीत तर तारीखच ठरलेली होती: 1 ऑक्टोबर 2022 नंतर काढलं असतं तर दीड कोटीऐवजी 75 लाख डॉलर. 10 सप्टेंबरला नेब्रास्का घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून 45-42 ने हरली, 642 यार्ड देऊन. क्रीडासंचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स तीन आठवडे थांबले नाहीत, दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टला काढलं. माझ्या मते बरोबर केलं. कोच जाणार हे सगळ्यांना ठाऊक असताना तीन आठवडे संघ चालवायचा म्हणजे पोरंही जातात आणि पुढच्या वर्षी येणारीही फिरकत नाहीत. मात्र कोच बदलल्यावर आठवड्याभरात टॅकलिंग (चेंडूवाल्याला पाडणं) सुधारेल अशी आशा धरू नका. पुढच्या शनिवारी ओक्लाहोमाने त्याच संघाला 49-14 ने झोपवलं, आणि रविवारी बचावाचे प्रमुख एरिक चिनँडर यांनाही घरी पाठवलं गेलं.